इगर्जेमागची जुनी दफनभूमी साफ करायचीय, हात कुठून घालू?

शापोराकाठ
नमस्कार मंडळी. गोव्यात बार्देशातल्या एका गावातून लिहितोय, गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही. आमच्या घरापासून पाच मिनिटांवर इगर्ज (चर्च) आहे आणि तिच्या पाठीमागे उतारावर जुनी दफनभूमी. रस्त्याच्या बाजूला नवी झालीय, तिथे सगळं नीट असतं, ही मागची मात्र कित्येक वर्षं कुणी बघितलेली नाही. फाटक गंजून एका बिजागरीवर लटकतंय, आत रानमोडी आणि घाणेरी डोक्याच्या वर गेलीय, चिऱ्यांची कंपाउंड भिंत तीन ठिकाणी पिंपळानं फोडलीय आणि गेल्या पावसात खालच्या अंगाचा एक तुकडा सरळ नाल्यात गेला.

मी हिंदू, माझं कुणी तिथे पुरलेलं नाही. पण शेजारी एक माय राहते, वय ८३. माझी आई शाळेवर नोकरीला जायची तेव्हा मी या मायच्याच बाल्कांवात (घरासमोरच्या ओसरीत) वाढलो, तिच्या हातचं जेवलो. तिचे वडील तारवटी, म्हणजे बोटीवर खलाशी, आजारी होऊन घरी आले आणि १९५१च्या पावसात गेले, तेव्हा ती नऊ वर्षांची. मुलं आता परदेशात. मागच्या महिन्यात मला म्हणाली, "मरचे पयलीं म्हज्या पायच्या फोंडार एक वात लावपाची आसा म्हाका." (गोव्याबाहेरच्यांसाठी, पाय म्हणजे वडील, फोंड म्हणजे कबर, वात म्हणजे मेणबत्ती.) तिला आठवतं एवढंच, की खुरचाफ्याच्या झाडाकडून तिसरी जागा आणि वर लाकडी खुरीस (क्रूस). आता तिथे खुरचाफे पाच-सहा आहेत आणि लाकडी खुरीस एकही नाही.

फादर नवीन बदलून आलेत, चांगला माणूस, म्हणाले तुम्ही माणसं जमवा, मी आहे. पण गावात दोन सल्ले मिळाले आणि दोन्ही ऐकून पोटात गोळा आलाय. एक कंत्राटदार म्हणतो भिंत पाडून सिमेंट ब्लॉकची घालू आणि थडग्यांच्या मधे फरशी टाकू म्हणजे परत झाडी यायची नाही. दुसरा म्हणतो ॲसिड मारून दगड धुतो, पांढरेशुभ्र होतात. साठेक तरी दगड दिसतायत, सगळ्यांवर पोर्तुगीज, काही इतके झिजलेत की हात फिरवल्यावरच अक्षर कळतं. परवानगी नक्की कुणाची घ्यायची, साफ कसं करायचं, जुनं किती आहे ते कसं ओळखायचं आणि मुख्य म्हणजे मायच्या वडिलांची जागा सापडेल का? २ नोव्हेंबरच्या (कॅथलिकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस) आत निदान आत जायची वाट तरी करायचीय. कुणी असं काम केलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

चिरेखण
घराण्यात चार पिढ्या गवंडीकाम, मी स्वतः जुन्या घरांची आणि दोन कपेलांची (छोट्या चर्चची) दुरुस्ती केलीय, त्यावरून सांगतो.

ॲसिडवाल्याला अजिबात आत घेऊ नका. संगमरवर म्हणजे चुन्याचाच दगड, ॲसिड पडलं की फेस येतो आणि तो जो फेस येतो ना तो तुमचा दगड विरघळतोय. पांढरा दिसतो कारण वरची कातडी गेली. अक्षरांच्या कडा आधी जातात, आणि एकदा खरखरीत झालं की पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट धरतं. ब्लीचिंग पावडर नको, तारेचा ब्रश नको, प्रेशरचा पाईप तर नकोच नको. साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश आणि वेळ. दगड आधी भरपूर भिजवा, खालून वर घासत जा म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भागावर डाग पाडत नाहीत, जिथे दगडफूल घट्ट चिकटलंय तिथे बांबूची चपटी काडी वापरा. एवढ्यानं जे निघत नाही ते राहू द्या, काळं दिसलं तरी चालेल, अक्षर महत्त्वाचं.

आता भिंत. हे जरा लांबेल पण लोकांना हे कळतच नाही म्हणून लिहितो. आपला चिरा म्हणजे जांभा, खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीनं तासता येतो, हवा लागली की टणक होतो. पण सच्छिद्र कायमच राहतो, गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तो सगळा तो पितो आणि पाऊस संपला की सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला हे करू देतो. सिमेंटचा गिलावा नाही देत, पाणी कुठूनतरी आत शिरतंच, वरून भेगेतून, खालून जमिनीतून, आणि मग बाहेर यायला वाट नाही. दहा-पंधरा पावसात आतला चिरा पीठ होतो आणि एक दिवस गिलाव्याचा अख्खा पापुद्रा दगडाचं तोंड घेऊन खाली येतो. मी हे स्वतःच्या हातांनी उकरून बघितलंय, बाहेरून भिंत झकास आणि आत लाल माती. आपल्या जुन्या लोकांनी शिंपल्या भाजून चुना केला, तो मुरवला, त्यात बांधलं आणि वरून दरवर्षी पावसानंतर सफेदी मारली, ती सफेदी नुसती शोभेची नव्हती, तो दगडाचा रेनकोट होता. पावसाळ्यात वरून माडाच्या पानांचे झाप बांधायचे तेही त्यासाठीच.

तर भिंत पाडू नका. जी पडलीय तिचे चिरे नाल्यातून गोळा करा, बहुतेक परत वापरता येतील. उतारावरची भिंत पडते ती बहुधा मागे पाणी साठल्यामुळे, म्हणून परत बांधताना तळाशी पाणी जायला भोकं ठेवायला विसरू नका. एक भाग चुना तीन भाग वाळू, चुना नीट मुरलेला हवा. हे काम पावसात होत नाही आणि मे महिन्याच्या उन्हातही नको, चुना हळूहळू हवा घेऊन घट्ट होतो, त्याला घाई सोसत नाही. ओलं गोणपाट लावून ठेवायचं आठवडा दोन आठवडे. म्हणजे नोव्हेंबरच्या आत भिंत होणार नाही हे आधीच समजून चला.

पिंपळ ओढू नका! मुळाबरोबर अर्धी भिंत येते. जमिनीलगत कापा, फुटवा आला की परत कापा, परत कापा. बोटभर रोपं असतील ती मात्र भर पावसात हातानं उपटून निघतात, ते दर जुलैत एक दिवस दिला तरी पुरतं.

झाडी जाळायची कल्पना कुणी काढली तर तीही नको, आगीनं संगमरवर तडकतो. मशीननं गवत कापणार असाल तर दगडापासून हातभर लांबपर्यंतच, पुढे कोयता. तणनाशक नको, उतार उघडा पडला तर पहिल्याच पावसात माती वाहून जाईल. आणि गमबूट घालून आत जा, अशा जागी फुरसं, घोणस असतातच.

मधलीआळी
चांगलं काम आहे पण एक विचारतो, राग मानू नका. आमच्या गावातल्या स्मशानाची काय अवस्था आहे ते बघितलंय का कुणी? पत्रे उडालेत, लाकडं भिजतात. त्यांच्या दफनभूमीचं त्यांचे लोक बघतील, परदेशातून पैसे येतात त्यांच्याकडे. आपण कशाला पुढे व्हायचं, उद्या काही तुटलं तर नाव आपलंच यायचं.

माडाखालचं घर
मी कॅथलिक, सासष्टीतला, प्राथमिक शाळा मराठीतून झाली म्हणून इथे वाचत असतो, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मधलीआळी बाब, राग नाही. पण पैसे येतात ते घराच्या छपराला येतात, मागच्या दफनभूमीला येत नाहीत, कारण ज्यांचे आजे-पणजे तिथे आहेत त्यांची चौथी पिढी आता कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. कुणी आफ्रिकेत गेले, कुणी मुंबईला गेले, धोबीतलावाला गावागावाच्या कूड, म्हणजे राहायच्या जागा, होत्या ना तारवट्यांच्या, तिथून बोटीवर गेले ते गेलेच. राहिलेल्यांत म्हाताऱ्यांशिवाय कोण आहे. आणि आपलं-त्यांचं म्हणाल तर म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे तिथल्या मारीयामातेला, फेस्ताच्या (जत्रेच्या) दिवशी तेल घालायला कोण कोण येतं ते एकदा उभं राहून बघा. तुमच्या स्मशानाच्या पत्र्याचं काम निघालं तर मला कळवा, मी येईन, हे मनापासून लिहितोय.

शापोराकाठ, परवानगीचं असं. दफनभूमी सहसा इगर्जेच्या फाब्रिकेची असते, फाब्रिक म्हणजे इगर्जेची मालमत्ता आणि हिशोब बघणारी समिती, फादर तिचे प्रमुख. काही ठिकाणी कोन्फ्रारींच्या वेगळ्या रांगा असतात, कोन्फ्रारी म्हणजे गावातल्या लोकांचा जुना धार्मिक संघ, सभासदाच्या मरणाला झगे घालून मेणबत्त्या घेऊन जाणं, त्याच्यासाठी मीस (इगर्जेतली प्रार्थना) म्हणवणं हे सगळं तेच करायचे. म्हणून नुसतं फादरांचं तोंडी हो पुरे नाही, त्यांची बदली होईल आणि नवीन येतील ते विचारतील कुणी हात लावायला सांगितला. फाब्रिकेच्या बैठकीत ठेवून कागदावर घ्या. आणि रविवारी मिसेनंतर फादरांना जाहीर करायला सांगा, अमुक दिवसापासून मागची दफनभूमी साफ करणार आहोत, कुणाचं कुणी तिथे असेल तर सांगा. यातून माणसंही मिळतील आणि माहितीही.

आता जे सांगायचंय ते जरा जड आहे. आमच्याकडे साध्या फोंडाची जागा कायमची नसते. जमीन थोडी, माणसं फार, म्हणून तीनेक वर्षं झाली की तो फोंड दुसऱ्यासाठी उघडतात. हाडं काढून, ज्यांना परवडतं ते भिंतीतल्या खणात ठेवतात, वर नाव घालतात, बाकीची सगळ्यांसाठी एकच खोल जागा असते तिथे जातात. दगड असतो तो कायमची जागा विकत घेतलेल्यांचा. लाकडी खुरीस होता म्हणताय, १९५१, म्हणजे बहुतेक साधाच फोंड. त्या जागी मागाहून दुसरं कुणी असणार. मायला हे माहीत नसेल असं समजू नका, ती यातच वाढलीय. माझ्या आजोबांची हाडं काढली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, माझ्या आईनं ती पाण्यानं धुऊन पांढऱ्या कापडात ठेवली, मला एक हाड हातात दिलं आणि म्हणाली भियेवं नाका. मी भ्यालो नाही. बाहेरच्यांना हे ऐकून कसंतरी होतं, पण आमच्यासाठी ती दुसरी भेट असते.

जुनेकागद
वरचे दोन्ही प्रतिसाद सोन्यासारखे आहेत. मी फक्त कागदाच्या बाजूचं लिहितो, माझी आवड तीच.

कोयता लावायच्या आधी वही काढा. खरंच सांगतो, साफसफाईत सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या दिवशी होतं, उत्साहात पन्नास माणसं घुसतात, सुटा पडलेला दगड उचलून कडेला लावतात आणि कुणाचा दगड कुठे होता हे कायमचं जातं. आधी फक्त चालण्यापुरती वाट करा, एक कच्चा नकाशा काढा, प्रत्येक दगडाला नंबर द्या (कागदावर, दगडावर रंग लावू नका), मोबाईलनं फोटो घ्या. झिजलेली अक्षरं वाचायला खडू, पीठ, कोळसा काही चोळू नका, संध्याकाळी उशिरा जा आणि टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून आडवी धरा, बाजूनं उजेड पडला की सावलीत अक्षरं उभी राहतात. आरसा असेल तर दिवसाही जमतं.

पोर्तुगीज येत नसेल तरी दहा-बारा शब्दांत काम भागतं कारण लेख साचेबंद असतात. आकी जाझ म्हणजे इथे विसावलाय. सेपुलतुरा म्हणजे थडगं. नाशेव जन्मला, फालेसेव वारला. जाझीगु म्हणजे घराण्याची जागा. सावदाद हा शब्द खूप दिसेल, आठवणीची हुरहुर असं काहीसं, मराठीत एका शब्दात येत नाही. शेवटी पी एन आणि ए एम अशी अक्षरं असली तर ती नावाची नाहीत, वाचणाऱ्याला विनंती आहे की एक पाद्रे नोस्सु आणि एक आव्हे मारीया, या दोन प्रार्थना, म्हण माझ्यासाठी. एक गंमतीची खूण सांगतो, वर्ष झिजलं असेल तर फालेसेव शब्दात एल एक आहे की दोन ते बघा. १९११ साली पोर्तुगालनं शुद्धलेखन सुधारलं आणि दुहेरी अक्षरं काढली, म्हणजे दोन एल असतील तर दगड बहुतेक त्याच्या आधीचा किंवा जुन्या वळणाच्या माणसानं कोरलेला. अगदी पक्कं नाही पण अंदाज येतो.

किती जुनी असेल याबद्दल. मुळात आधी लोकांना इगर्जेच्या आतच पुरायचे, जमिनीखाली. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या इगर्जेत जाऊन बघा, आपण चालतो ती फरशीच थडग्यांची आहे, घराण्यांची चिन्हं कोरलेली. २१ सप्टेंबर १८३५ला पोर्तुगालनं कायदा केला की यापुढे इगर्जेत दफन बंद, गावाबाहेर उघड्यावर दफनभूमी करा, आरोग्याच्या कारणानं. लोकांना हे मुळीच आवडलं नाही, पोर्तुगालच्या उत्तरेत १८४६ला बायकांनी उठाव केला त्यामागे हेही एक कारण होतं, आपल्या माणसाला देवाजवळून काढून उघड्या रानात टाकायचं असं त्यांना वाटलं. गोव्यातल्या गावोगावच्या दफनभूम्या या बदलाच्या नंतरच्या, हळूहळू झालेल्या, म्हणून इगर्ज तीनशे-चारशे वर्षांची असली तरी मागची दफनभूमी तेवढी जुनी असेलच असं नाही.

तुमच्या गावात ती नेमकी कधी सुरू झाली हे शोधायची एक पक्की जागा आहे, इगर्जेचं मृत्यूचं रजिस्टर. लिव्रु द ओबितुश. बाप्तिस्मा आणि लग्नाची नोंद ठेवायचा नियम कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५६३मध्ये घातला आणि मृत्यूची नोंद १६१४पासून त्यात आली, त्यामुळे कॅथलिक गावांत हा कागद इतका नेमानं मिळतो. प्रत्येक नोंदीत तारीख, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वाडा, शेवटचा संस्कार मिळाला की नाही आणि कुठे पुरलं हे असतं. जुन्या नोंदींत लिहिलेलं असेल की या इगर्जेत पुरला. पानं उलटत या, एका पानावर ते बदलून या इगर्जेच्या सेमितेरियुत (दफनभूमीत) पुरला असं होईल. तीच तुमच्या दफनभूमीची जन्मतारीख.

जुनी रजिस्टरं काही गावांची पणजीला पुराभिलेख खात्यात आहेत. हे दप्तर १५९५ला सुरू झालं, पहिला रखवालदार दियोगु दु कोतु, इतिहास लिहायचा तो. १९५१ची वही मात्र बहुधा इगर्जेच्या कपाटातच असेल, फादरांना विचारा. वही हाताळताना हात धुऊन कोरडे करा, फोटो घ्या, झेरॉक्सला कधीही उलटी दाबू नका, पाठ मोडते.

कागदावर विश्वास ठेवा असं मी का म्हणतो, त्याचं एक उदाहरण. जॉर्जियाची राणी केतेवान, १६२४ला शिराझला इराणच्या शहा अब्बासनं तिला मारलं. ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष १६२७ला गोव्यात आणले आणि जुन्या गोव्यातल्या त्यांच्या मठात ठेवले. १८३५ला गोव्यातले सगळे साधूसंघ बंद केले, मठ ओस पडला, १८४२ला छताची कमान कोसळली, १९३१ला दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा गेला. सगळा चिऱ्यांचा ढिगारा. तरी २००५ला तिच्या हाताचं हाड सापडलं, कारण जुन्या पोर्तुगीज कागदांत कुठल्या खिडकीपाशी ठेवलं हे लिहिलेलं होतं. २०१३ला हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं डीएनए तपासून खात्री दिली आणि २०२१ला त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाला दिला. राणीचं सापडलं तर तारवट्याचंही सापडेल, त्याचीही नोंद कुणीतरी त्याच काळजीनं केलेली असते.

सांगेकार
आमच्या बाजूचं थोडं लिहितो. माझी आई कुर्डीची. साळावली धरणात गाव गेला, मोगूबाई कुर्डीकरांचा गाव तो. मे महिन्यात पाणी उतरलं की चिखलातून घरांचे चौथरे वर येतात आणि लोक जातात, सोमेश्वराचा उत्सव करतात, कपेलचं फेस्त करतात, एकमेकांच्या उत्सवाला थांबतात. आई जोत्यावर जाऊन बसायची, इथे चूल, इथे माडी असं सांगायची, एका तासात परत निघायचं. मधलीआळी, म्हणून सांगतो, ज्यांची जागा बुडाली त्यांना विचारा, कोरड्या जमिनीवर असून झाडीत गेली तर काय म्हणायचं.

एक कामाची गोष्ट. कुर्डीचं महादेवाचं जुनं देऊळ बुडायच्या आधी दगड दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन परत तसंच उभं केलंय, बघून या. तुमच्या भिंतीचे चिरे नाल्यातून काढाल तेव्हा थरांप्रमाणे वेगवेगळे मांडून ठेवा, ढीग घालू नका. परत रचताना चिरेखणांसारख्या माणसाचे दोन दिवस वाचतील.

मधलीआळी
ठीक आहे, माझं बोलणं जरा तिरकं गेलं. कोयता माझ्याकडे चांगला आहे, मांद्र्याहून यायला अर्धा-पाऊण तास. तारीख सांगा.

शापोराकाठ
मंडळी, उशीर झाला लिहायला पण इकडे खूप काही घडलं, सगळं सांगतो.

फाब्रिकेच्या बैठकीत विषय ठेवला, कागद मिळाला. रविवारी फादरांनी जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी खालच्या वाड्यावरून दोन म्हातारे आले, त्यांना रांगा पाठ होत्या, कोन्फ्रारीची कुठली, लहान मुलांची कुठली. मुलांची रांग वेगळी होती हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, तिथे दगड नाहीत, नुसते हातभर उंचवटे, फरशी टाकली असती तर पहिली त्यांच्यावर पडली असती. पहिले दोन दिवस फक्त वाट केली आणि नकाशा काढला. ७३ दगड निघाले. टॉर्चची युक्ती अफाट आहे, माझा मुलगा आणि त्याचे मित्र रोज संध्याकाळी जाऊन वाचत बसायचे, एका दगडावर दोन एल मिळाले तर उड्या मारत घरी आला.

कंपाउंड तशीच ठेवलीय, पिंपळ कापलेत, चिरे थराथरानं मांडून वर प्लास्टिक घातलंय. मधलीआळी बाब दोन्ही रविवार आले, घाणेरी त्यांनी एकट्यानं काढली म्हटलं तरी चालेल. त्यांच्या गावातल्या स्मशानाच्या पत्र्याचंही त्यांच्याबरोबर ठरलंय, डिसेंबरात.

आता मायचं. १९५१ची वही कपाटातच होती, कडांना वाळवी लागलेली पण मधलं शाबूत. जुलैच्या पानावर नोंद मिळाली, नाव, तिच्या आजोबांचं नाव, वाडा, धंदा मारितिमु, म्हणजे खलाशी, लिहिलंय, आणि फोंडाचा नंबर २७. म्हाताऱ्यांनी सांगितलं की नंबर लोखंडी पट्ट्यांवर असायचे, माती थोडी खरवडल्यावर चार-पाच पट्ट्या मिळाल्या, त्यातली एक २४ची, तिथून मोजत गेलो. खुरचाफा आता नाही पण बुंधा आहे, आणि त्याच्यापासून तिसरीच जागा. नऊ वर्षांच्या पोरीनं पाठ करून ठेवलेलं बरोबर निघालं.

माडाखालचं घर म्हणाले तसंच झालं होतं, २७वर आता दगड आहे, १९५८चा, दुसऱ्या घराण्याचा. मधल्या उतारावर मोठा दगडी खुरीस आहे, त्याच्या पायाशी सगळ्यांची हाडं ठेवायची जागा, मायचे वडील तिथे. मला हे तिला कसं सांगू कळेना, दोन दिवस मी तिच्या दारासमोरून नुसता गेलो. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, होय, तसंच असणार, आईनं एकदा सांगितलं होतं पण मी लहान होते, माझ्या डोक्यात झाडच राहिलं. मग विचारलं, २७त आता कोण? मी दगडावरचं आडनाव आणि वाडा सांगितला. ती गप्प झाली आणि मग म्हणाली ते पदेर, पावाच्या भट्टीवाले. वडील बोटीवर असायचे, पैसे यायला महिने लागायचे, तेवढे दिवस ते उधारीवर उंडे द्यायचे, कधी मागायला आले नाहीत. "तांच्या उंड्यांचेर आमी वाडल्यांव."

२ नोव्हेंबरला सकाळी फादरांनी मागच्या दफनभूमीत येऊन फोंडांवर आशीर्वाद दिला, कित्येक वर्षांनी. मायला खुर्चीवर बसवून आम्ही चौघांनी उचलून आत नेलं, एका बाजूला मधलीआळी. तिनं आधी खुरिसाच्या पायाशी एक वात लावली. मग म्हणाली दुसरी कुठाय, मी म्हटलं एकच आणलीय, तर मला फाटकापर्यंत परत पाठवलं आणि २७वर लावली. वाऱ्यानं दोनदा विझली, तिसऱ्यांदा मुलानं नारळाची करवंटी आडवी धरली तेव्हा राहिली.

चिरेखण, भिंतीचं काम जानेवारीत धरतोय. चुना मुरवायला आत्तापासून घालायला हवा ना, किती पोती लागतील याचा अंदाज सांगा, पडलेला भाग आठ मीटर लांब आणि छातीएवढा उंच आहे. आणि शिंपल्यांचा चुना अजून भाजणारं बार्देशात किंवा पेडण्यात कुणी असेल तर इथेच कळवा.

चिरेखण
आधी रुंदी मोजा, एक चिरा आहे की दोन, त्यावर सगळं आलं. तोपर्यंत टाकी बघून ठेवा, चुना कायम पाण्याखाली राहिला पाहिजे. येत्या रविवारी मी स्वतःच येतो, सकाळी सात वाजता फाटकापाशी.